चाल बघणारे हवालदार

कुपवाडच्या आमच्या फाउंड्रीत गाड्या रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये लावायच्या आणि तिथून गेटपर्यंत शंभरेक पावलं चालत यायचं, असा नियम होता. मी प्रयोगशाळेत नोकरीला लागले, त्यानंतरच्या चौथ्याच दिवसाची गोष्ट. उन्हामुळे तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात पायघोळ सनकोट. माझ्या आईनंही मला ओळखलं नसतं. गेटवर बसलेल्या माणसानं वही माझ्यापुढे सरकवली, तर तिच्यात माझं नाव आणि वेळ आधीच लिहिलेली. फक्त सही बाकी होती.

मी विचारलं, कसं ओळखलंत?

“चालीवरनं,” ते म्हणाले. “उजव्या गुडघ्याला काय झालंय?”

कॉलेजात असताना मी जिन्यावरून पडले होते. घरच्यांखेरीज ते कुणाला ठाऊक नव्हतं.

हे हवालदार मोहिते. गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. फौजेतली त्यांची बहुतेक वर्षं रंगरुटांना कवायत शिकवण्यात गेली होती. चेहरा बघायच्या आधी पाय बघायची सवय तिथं लागली ती कायमचीच. पेन्शनीवर आल्यावर एका सुरक्षा एजन्सीनं त्यांना आमच्या गेटवर बसवलं. एजन्सीनं दिलेली पाठीची खुर्ची त्यांनी आत ठेवून दिली आणि स्टूल घेतलं. चहा उभ्यानं प्यायचे. ड्यूटीवर पेपर वाचत नसत. मुलाचा फोन आला तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो वाजू द्यायचे.

बोलणं कमी. “बगून ठिवलंय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कुणाची नवी चप्पल चावते, कोण घरी भांडून आलाय, कुणाची कंबर धरली आहे, सगळं त्यांनी बघून ठेवलेलं असायचं आणि त्यातलं काहीही ते आपणहून सांगत नसत. स्टोअरकीपरचं हर्नियाचं दुखणं त्याच्या बायकोच्या आधी हवालदारांना कळलं होतं, असं कामगार हसत सांगायचे. मी एकदा विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, “दुकनं त्येचं. सांगायचं त्येनं का मी?”

माझ्या तिसऱ्या वर्षी गेटवर चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र आलं. वही बंद झाली. आता हवालदारांना काम काय, असं सगळ्यांना वाटलं. यंत्राचा खांब मध्ये यायला लागला म्हणून त्यांनी स्टूल दोन हात पुढे घेतलं, एवढंच.

त्यांचा दोस्त म्हणता येईल असा एकच माणूस आमच्याकडे होता, भूपाल चौगुले. भूपाल फेटलिंग शॉपमध्ये वेल्डर. आमच्याकडे मँगनीजचं पोलाद ओतलं जायचं, खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे, साखर कारखान्यात ऊस कुटणारे हातोडे, असलं काही. ओतून निघालेल्या तुकड्यात चिरा, खड्डे राहतात. ते आधी पेटत्या रॉडनं कोरून मोकळे करायचे आणि मग वेल्डिंगनं भरून काढायचे. हे भूपालचं काम, गेली चौदा वर्षं. त्या टोकाला धूर एवढा असायचा की भर दुपारी दिवे लावायला लागायचे. भूपाल तोंडाला रुमाल बांधायचा आणि घरी जाताना तोच रुमाल झटकून खिशात घालायचा.

तो जैन, सांगलीजवळच्या खेड्यातला. अंगानं उंच, आवाजानं मोठा. सूर्यास्तानंतर जेवायचा नाही. दुसऱ्या पाळीला असला की हवालदार उन्हाकडे बघून आत निरोप धाडायचे, आणि भूपाल गेटजवळच्या कट्ट्यावर येऊन डबा उघडायचा. हवालदार त्या वेळी जेवत नसत, पण समोर बसायचे. सुनंदावहिनींनी, म्हणजे भूपालच्या बायकोनं, शेंगांची पोळी दिली असेल तर तेवढी घ्यायचे. भूपाल उसाला पाणी कधी मिळालं ते सांगायचा, म्हशीचं सांगायचा, आणि हवालदार मान हलवायचे. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघायचे. दोघांना एकमेकांकडून काही नको होतं. ते बघायला बरं वाटायचं.

भूपाल बदलला ते आम्हाला हळूहळू कळलं. मोठ्यानं बोलणारा माणूस पुटपुटायला लागला. रजेचा अर्ज लिहिला तर अक्षर मुंगीएवढं आलं. त्याचा चेहरा कसा तरी थिजल्यासारखा झाला. त्याला राग आला की गंमत वाटली, कळेना. आणि चाल. टाचा जमिनीला टेकायच्याच नाहीत, कोपरं अंगाशी दुमडलेली, चवड्यांवर तुरुतुरु यायचा. फेटलिंगच्या पोरांनी त्याचं नाव कोंबडा ठेवलं. तो तेही ऐकून घ्यायचा.

त्यातच मालकांच्या आई वारल्या. कारखान्याच्या अंगणात शोकसभा झाली. सगळे माना खाली घालून उभे असताना भूपाल हसायला लागला. थांबायचं म्हणून त्यानं तोंडावर हात धरला, तरी हसू थांबेना. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोक बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं भूपालला गेटवरच अडवलं. हा पिऊन येतो, असं त्याचं म्हणणं. तोंडाचा वास घेतला, काही नव्हतं. तरी म्हणाला, वास न येणारं पण मिळतं हल्ली.

ज्या माणसानं आयुष्यात कांदासुद्धा खाल्ला नव्हता, तो मान खाली घालून उभा होता. सुपरवायझर त्याला घरी पाठवणार, तेवढ्यात हवालदार स्टुलावरून उठले. आमच्या सगळ्यांच्या आठवणीत कुणाच्या भांडणात ते पहिल्यांदाच पडत होते.

“प्यालेला माणूस लय बघितलाय मी. त्यो कुटंबी पडतो. ह्यो एकाच बाजूला पडतोय, मागं. ह्येला दारू न्हाई, दुकनं हाय.”

सुपरवायझर म्हणाला, तुम्ही काय डॉक्टर आहात का?

हवालदार भूपालपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे हलकेच धरले आणि सांगितलं, तीन पावलं मागं सरक. रंगरुटाला सांगावं तसं, पण आवाज अगदी खाली. भूपालनं एक पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला. पाय उचललाच नाही, आणि तो उभाच्या उभा पाठीमागं जायला लागला, ओंडका पडावा तसा. हात आधाराला पुढं आले नाहीत की गुडघे दुमडले नाहीत. हवालदारांनी खांदे धरले होते म्हणून डोकं फुटलं नाही.

कुणी हसलं नाही. सुपरवायझरही नाही.

त्या दुपारी हवालदार प्रयोगशाळेच्या दाराशी आले. आत यायला त्यांना संकोच वाटत होता. हातात वेल्डिंगच्या रॉडच्या पुडक्यावरचा फाटका कागद होता. तो मला देत त्यांनी विचारलं, ह्यात काय काय असतं? मी वाचून दाखवलं. लोखंड, कार्बन, मँगनीज. मँगनीज भरपूर, आमच्या पोलादात असतं तसंच. त्याचं प्रमाण मी रोज सकाळी दशांशापर्यंत मोजत होते. ओतकामात ते थोडं कमी पडलं तर मी अख्खी भट्टी थांबवू शकत होते.

“आन ते धुरात जातं का?”

जातं, मी म्हणाले. आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मला पाच वर्षांत पडला नव्हता. मँगनीजचा धूर अंगात गेला की काय होतं हे मी कॉलेजात एका ओळीत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

हवालदार दारातच उभे होते. म्हणाले, “सा म्हैनं झालं मला दिसतंय. टाच उचलाय लागला तवाच दिसलं. बगून ठिवलं आन गप बसलो.” एवढं बोलून ते गेटवर परत गेले.

त्यांनी भूपालला डॉक्टरकडे न्यायचं मनावर घेतलं. सुनंदावहिनींनी आधीच एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी कंपवात सांगून गोळ्या दिल्या होत्या. चार महिने गोळ्या घेऊन काडीचा फरक नव्हता. आता सांगलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. रसायनांचं काही विचारलं तर सांगायला म्हणून हवालदारांनी मलाही यायला सांगितलं. मी रजा टाकली. मला जायचं नव्हतं, खरं सांगायचं तर. पण त्यांनी तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, दमलेल्या. बाहेर तीसेक माणसं बसलेली. त्यांनी भूपालला चालायला लावलं, लिहायला लावलं, मागून हलकेच ओढून बघितलं. हात थरथरत नाहीत, हे त्यांनी दोनदा बघितलं. मग विचारलं, काम काय करता? हा प्रश्न आधीच्या डॉक्टरांनी विचारलाच नव्हता. हवालदारांनी तो रॉडचा कागद पुढे ठेवला. बाईंनी तो वाचला आणि एमआरआय काढायला लावला.

आठवड्यानं पुन्हा गेलो. बाईंनी फिल्म उजेडावर धरली. मेंदूच्या खोल भागात, दोन्ही बाजूंना, पांढरट डाग दिसत होते. तिथं असं पांढरं असायला नको, त्या म्हणाल्या. मँगनीज आहे ते. खाण्यातून गेलेलं मँगनीज यकृत बाहेर टाकतं. धुरातून गेलेलं फुप्फुसातून थेट रक्तात जातं आणि मेंदूत जाऊन बसतं.

सुनंदावहिनींनी विचारलं, तिथं बसून ते करतं काय?

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर एवढी गर्दी असताना त्यांनी सावकाश सांगितलं, ते माझ्या अजून लक्षात आहे. मेंदूत विचार करणाऱ्या, हातपाय हलवणाऱ्या पेशी असतात. पण त्या एकट्या नसतात. त्यांच्या भोवती त्यांना सांभाळणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही त्यांना खाऊपिऊ घालतात, नको ते उचलून नेतात. काही पहारा करतात, बाहेरचं काही शिरलं तर अंगावर जातात. मँगनीज साठलं की या पहाऱ्याच्या पेशी खवळतात. सूज आणणारी द्रव्यं सोडायला लागतात. एकदा सोडून शांत झाल्या तर बिघडत नाही. पण मँगनीज रोज येतच राहिलं, तर त्या शांत होतच नाहीत. मग खाऊपिऊ घालणाऱ्या पेशीही बिघडतात, त्यांचंही काम सुटतं. आणि मधल्या मधे, ज्यांना सांभाळायचं होतं त्याच पेशी मरतात.

हवालदार पाय जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते.

“म्हंजी पहाऱ्यावाल्यांचीच चूक म्हनायची का?” त्यांनी विचारलं.

“चूक नाही हो. त्यांचं कामच ते. त्यांना रोज कारण मिळत होतं, एवढंच.”

“मग त्येस्नी गप कसं करायचं?”

“धूर बंद करायचा. यांना उद्यापासून तिथं पाठवू नका. डाग कमी होतील, सूज थोडी उतरेल. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.” मग त्या म्हणाल्या, “यांच्याबरोबर तिथं काम करणारे आणखी कोण आहेत?”

रिक्षात भूपाल मध्ये बसला होता. त्याला सगळं समजलं होतं. या आजारात समज जात नाही, निदान त्याची गेली नव्हती. तो पुटपुटला ते मला कळलं नाही. वहिनींनी सांगितलं, म्हशीला कोण बघणार असं विचारतायत. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हसत न्हाईत, रागवत न्हाईत. वरीस झालं, भिंतीसंगट बोलल्यावानी वाटतंय. आज कळलं तरी का ते.”

हवालदारांनी आणखी दोघांची नावं काढली. शंकर आणि इरफान. दोघं भूपालच्या शेजारी काम करणारे. शंकरचा डावा हात चालताना हलत नाही, इरफान वळताना दोनऐवजी पाच पावलं घेतो. हे त्यांनी बघून ठेवलं होतं. या वेळी गप्प बसले नाहीत. ते थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. भूपालला स्टोअरमध्ये बसवू, म्हणाले. बाकीचं बघू, ऑर्डरी संपू देत. “बघू” हा शब्द त्या कारखान्यात मी फार वेळा ऐकला आहे.

तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, की कागद लागेल. रॉडमध्ये काय आहे, पोलादात काय आहे, धूर बाहेर काढायची सोय नाही, हे कारखान्यातल्या जाणत्या माणसानं लिहून द्यायला हवं. मग त्या कारखाना निरीक्षकांना कळवतील. जाणतं माणूस म्हणजे मी.

हवालदार हे सगळं लिहिलेला कागद माझ्या सहीसाठी घेऊन आले. मी म्हणाले, ठेवा, बघते. मीही तोच शब्द वापरला. ते कागद ठेवून गेले आणि परत कधी विचारलं नाही. रोज सकाळी गेटवर मान हलवायचे, पहिल्यासारखीच. मी सही केली नाही. माझी नोकरी, माझं लग्न ठरत होतं, वडील म्हणत होते नसत्या भानगडीत पडू नको. नऊ दिवस तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

दहाव्या दिवशी गेटवर दुसराच माणूस होता, पाठीच्या खुर्चीवर, मोबाइल बघत. मी विचारलं तर कळलं, की मालकांनी एजन्सीला सांगून माणूस बदलून घेतलाय. हवालदारांना आदल्या संध्याकाळी फोनवर कळवलं होतं. ते आपलं स्टूल तिथंच ठेवून गेले होते, कारण ते कारखान्याचं होतं.

मी आत गेले, ड्रॉवर उघडला आणि सही केली. यात माझं धैर्य काही नव्हतं. मला फक्त फार दमल्यासारखं झालं होतं, तो कागद आणखी एक दिवस सांभाळणं झेपणार नव्हतं.

कागद डॉक्टरबाईंकडे गेला, पण पुढचं सगळं संथपणे झालं. निरीक्षक आले, हवा मोजली, नोटीस आली, मुदत मागितली, मिळाली. वर्षभरानं फेटलिंगमध्ये धूर ओढणारे मोठे पाइप बसले आणि वेल्डरांना हवा देणारे मुखवटे मिळाले. शंकर आणि इरफानला वेळेवर हलवलं. शंकरचा हात आता हलतो. इरफाननं कामच सोडलं, मिरजेत भावाच्या दुकानात बसतो, तोही बरा आहे. भूपालच्या नुकसानभरपाईची फाइल अजून या टेबलावरून त्या टेबलावर जाते आहे. मला कुणी काढलं नाही. काढतील या भीतीनं मी नऊ दिवस घालवले, आणि प्रत्यक्षात कुणी मला साधं विचारलंही नाही.

हवालदार गावी गेले. पण दर दोन महिन्यांनी भूपालला डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशी ते पहाटेची गाडी धरून येत. वहिनींना एकटीला त्याला उठवणं-बसवणं झेपत नव्हतं, आणि भूपाल दुसऱ्या कुणाच्या हातात हात देत नसे. भूपालचा पुतण्या चारचाकी घेऊन यायला तयार होता, तरी नाही. हवालदार त्याच्या कानाशी पावलं मोजायचे, मग पाय उचलायचा. दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळातून दोघं यायचे, अर्धा तास लागायचा, लोक बाजूला व्हायचे. मीही दोन-तीनदा गेले. हवालदारांनी मला सहीबद्दल कधीच विचारलं नाही. मी एकदा सांगायला गेले, की मी उशीर केला, तुम्ही एकटे पडलात, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. ते म्हणाले, “मी सा म्हैनं केला. तुमी नऊ दिस.” त्यात टोमणा नव्हता. हिशेबही नव्हता. दोघांनीही केलं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते गेल्या उन्हाळ्यात, सांगलीच्या एसटी स्टँडवर. मी सासरी निघाले होते. ते फलाटावरच्या बाकावर बसलेले, पिशवी मांडीवर. पहिल्यांदाच त्यांना पाठ टेकून बसलेलं बघितलं. बरेच वाळले होते. भूपालला घरी पोचवून आले होते. भूपाल आता अंथरुणातच असतो, गिळायला त्रास होतो, म्हणून वहिनी सगळं पातळ करून भरवतात, ऊन असेपर्यंत, असं त्यांनी सांगितलं. आज काय म्हणाला तो, मी विचारलं. काही नाही, ते म्हणाले, बोट धरून ठेवलं होतं, सोडवून घ्यायला वेळ लागला.

मग त्यांनी विचारलं, “फेटलिंगला नवी पोरं लागलीत म्हनं. चार.”

मी हो म्हणाले.

“मुखवटं घालतात का?”

घालतात, पण उकडतं म्हणून काढून ठेवतात, मी म्हणाले. हे मला कसं माहीत, तर मी आता रोज एकदा त्या शेडमध्ये जाऊन येते. पोरांना मी आवडत नाही. यातलं काही मी हवालदारांना सांगितलं नाही.

“रोज जावा,” ते म्हणाले, जणू त्यांना ठाऊकच होतं. “आन दिसलं की त्याच दिशी बोला.”

कराडची गाडी लागली. तिथून त्यांना पाटणची धरायची होती. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिली. पूर्वी दिली नसती. दाराची पायरी उंच होती, एका हातानं दांडा धरून ते थोडा वेळ तसेच थांबले, मग चढले. मी खिडकीतून पिशवी आत दिली. त्यांनी ती पायांशी ठेवली, टोपी काढून तिच्यावर ठेवली आणि डोकं काचेला टेकवलं. मी काही बोलणार होते. पण गाडी हलायच्या आधीच त्यांचा डोळा लागला होता.